आहेराची शिडी

"माळ्यावर चढतंय ते देणं न्हवं, वझं हाय."

हे तानाबाईचं बोलणं. गुऱ्हाळाची चुलवाण पेटली की धुराड्यातून जसा आपोआप धूर निघतो, तसं लग्नाचा मांडव दिसला की तिच्या तोंडातून हे वाक्य निघायचंच. ऐकणारा कोण आहे, कुणाकडचा आहे, हे ती बघायची नाही.

पेठ वडगावच्या पलीकडं, उसाच्या फडांत गळ्यापर्यंत बुडालेल्या एका गावात ती राहायची. भावाच्या घरासमोर, बोळाच्या या अंगाला तिची एक खोली आणि पुढं सोपा. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली, पण वाकून आली नाही. घरामागच्या वाफ्यात मेथी, पोकळा, कोथिंबीर लावायची आणि वडगावच्या आठवडी बाजारात जाऊन विकायची. गिऱ्हाइकानं पेंडी दोनदा उलटीपालटी केली की ती विचारायची, "घ्याय आलाईस का लगीन ठरवाय आलाईस तिचं?" लोक तिला टरकून असायचे आणि तरीही भाजी तिच्याकडूनच घ्यायचे, कारण तिच्या पेंडीत आत पिवळं पान कधी निघालं नाही.

लग्नाला गेली की ती जेवणाच्या पंगतीकडं तोंड करून कधी बसली नाही. आहेर देणाऱ्यांची रांग जिथून नीट दिसेल तिथं खुर्ची ओढून बसायची. मग तिचं सुरू व्हायचं.

"घड्याळ आलं," शेजारच्या बाईला ती सांगायची. "आता ह्यांच्या घरात धा घड्याळं झाली. नवरा कामाला उशिराच जाणार."

पुढच्या पाहुण्याच्या हातात चकचकीत कागदातलं मोठं खोकं दिसलं की म्हणायची, "सरबताचं गलास. म्या अजून त्या गलासातनं सरबत प्यालेला मानूस बघितला न्हाई. तू बघितलाईस?"

शेजारीण हसू दाबायची, कारण तसलंच खोकं तिच्या स्वतःच्या पिशवीत असायचं.

आहेराच्या पातळांचं तर तिनं एकदा सगळ्या भावकीचं हसं केलं होतं. ही पातळं नेसण्यासाठी नसतातच. या लग्नात मिळालं ते पुढच्या लग्नात द्यायचं, घडी मोडायची नाही, एवढाच त्यांचा धर्म. तानाबाईला असंच एक जांभळं पातळ मिळालं. तिनं घडीच्या आतल्या पदराला निळ्या दोऱ्याची बारीक गाठ मारली आणि ते कुरुंदवाडच्या एका लग्नात दिलं. वर्षं गेली. चंदगडकडच्या एका लग्नात, पाऊस नुसता ओतत असताना, तिच्या हातावर कुणीतरी जांभळं पातळ ठेवलं. तिनं तिथंच मांडवात बोट घालून घडी उकलली. गाठ होती.

"पातळानं सगळा जिल्हा बघितला," तानाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पर एकबी बाई बघितली न्हाई."

तिच्या या तुच्छतेला एक मूळ होतं, आणि ते तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेलं असायचं. ती एक विळी होती. तानाबाईच्या लग्नात शेजारच्या चिमणाबाईनं ती दिली होती. म्हातारीनं ती कागदात गुंडाळलीसुद्धा नव्हती. पातं वर करून तशीच नवरीपुढं ठेवली. बायका कळवळल्या. लग्नात धारेची वस्तू देतात होय? नातं कापतं त्यानं. चिमणाबाई म्हणाली, "नातं कापाय इळी लागत न्हाई, तोंडं हायत तुमची." आणि जेवायला बसली. पुढं नवरा गेला तेव्हा तीच तोंडं म्हणाली, बघा, विळीनं कापलं. तानाबाईनं ऐकून घेतलं आणि त्याच विळीवर कांदा चिरायला घेतला. लग्नातली बाकी भांडी, तसबिरी, डबे कुठं गेले हे तिला सांगता आलं नसतं. विळीचं पातं मात्र घासून घासून चंद्रकोरीएवढं उरलं होतं आणि रोज तिच्या पायाखाली होतं. चिमणाबाई मरून जमाना झाला, पण तानाबाईच्या घरात ती रोज दोन वेळा हजर असायची. देणं म्हणजे काय, ते तानाबाईला त्या लोखंडानं शिकवलं होतं.

अशा बाईच्या भाचीचं लग्न ठरलं.

दीक्षा ही तिच्या धाकट्या भावाची, बाळासोची, एकुलती एक पोर. बाळासो आणि त्याची बायको आक्काताई शेतावर राबायची, आणि लहानपणी दीक्षा आत्तीच्या भाजीच्या पाटीत बसून बाजाराला जायची. आता ती कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. अंगानं लहानखुरी, उंचीनं त्याहून लहान, पण आवाज आत्तीचा. नवरा मुलगा सम्राट, कुरुंदवाडचा, शिरोलीच्या कारखान्यात लेथवर कामाला. दोघांनी शहरात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं घर घेतलं होतं. लग्न बौद्ध पद्धतीनं, मुहूर्त नाही, हुंडा नाही. आणि पत्रिकेच्या खाली छापलं होतं: 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.'

बाळासोनं मोठ्यानं वाचून दाखवलं. तानाबाई म्हणाली, "हुपस्थिती कशात शिजवून खाणार हाईत ती दोघं?"

"आगं तानाक्का, असं छापायची पद्धत हाय आता."

"मला ठावं हाय. छापायचं ह्येनी, आन घड्याळं आणायची त्येनी. नको म्हटल्यावर तर लोकांना इचारायचीबी गरज ऱ्हात न्हाई. जे घरात धूळ खात पडलंया ते आणून टाकत्यात."

तिनं दीक्षाला फोन लावला. "काय पायजे सांग."

"आत्ती, काय नको. सगळं हाय. तू फक्त ये."

"मी येणारच हाय. पर मी काय तुझ्या घरात भितीला लटकून ऱ्हाणार हाय व्हय?"

दीक्षा हसली. फोन ठेवून तानाबाई विळीवर कांदा चिरायला बसली. जग तिला विसरलं तरी तिची ना नव्हती; जगाची किंमत तिनं कधीच जुडीच्या वर केली नव्हती. पण त्या एका घरात, त्या एका पोरीच्या हाताखाली, आपली एक वस्तू रोज असावी, चिमणाबाईची विळी आपल्याकडं आहे तशी, एवढी एकच गोष्ट तिला या उतारवयात हवी होती. ती वस्तू माळ्यावर गेली तर तानाबाईच माळ्यावर गेल्यासारखी होती.

म्हणून ती घर बघायला गेली. सम्राटच्या सुट्टीचा दिवस बघून, पोकळ्याच्या दोन पेंड्या घेऊन, एसटीनं आणि मग शहरातल्या बसनं. तीन जिने चढून तिनं दार वाजवलं. सम्राटनं बनियनवर दार उघडलं आणि घाबरून आत जाऊन शर्ट घालून आला.

"आत्ती! आवं कळवायचं तरी."

"कळवून आल्यावर घर खरं बोलत न्हाई," तानाबाई म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली.

तिनं सगळं उघडून बघितलं. कुकर होता. मिक्सर होता. शेगडी, फ्रीज, डबे, तवे, पोळपाट. लिंबू पिळायचंसुद्धा यंत्र होतं. सम्राट मागं मागं फिरत होता आणि एकेका वस्तूची माफी मागितल्यासारखं सांगत होता, "हे मित्रांनी दिलं... हे दीक्षानं घेतलं... ते आईनं कुरुंदवाडहून पाठवलं." माळ्यावर नजर गेली तेव्हा तिथं आताच खोकी रचलेली दिसली. लग्न व्हायचं होतं, आणि माळा भरत आला होता.

"त्यात काय हाय?"

"आहेर हाय, आत्ती. आधीच दिल्यात लोकांनी. बुद्धाच्या मूर्त्याच चार-पाच आल्यात."

"बुद्धानं राजवाडा सोडला," तानाबाई म्हणाली, "आन तुम्ही त्येला खोक्यात घालून माळ्यावर चढवला. शाबास."

एवढं म्हणाली, पण खाली बसल्यावर तिचं तिलाच बरं वाटेना. या घरात काहीच कमी नव्हतं. जन्मभर लोकांच्या आहेराला नावं ठेवली, आणि आता स्वतःला काय द्यावं ते सुचत नव्हतं. पदरानं तोंड पुसत ती भिंतीकडं बघत राहिली. तेवढ्यात आतल्या मोरीत पाइप खोकल्यासारखा वाजला.

"पाणी आलं!" सम्राट उठून पळाला.

तानाबाई मागं गेली आणि दारातच थबकली. मोरीच्या वर, छताला लागून, टाकी होती, आणि टाकीचा कॉक तिच्याही वर कोपऱ्यात. सम्राटनं कपड्यांचं पिंप उपडं घातलं, त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, आणि खुर्चीवर चढून, एक हात भिंतीला लावून, चवड्यावर उभा राहिला. ओल्या फरशीवर पिंप हळूच सरकलं. तानाबाईनं त्याच्या दोन्ही पोटऱ्या धरल्या. कॉक कुरकुरला, पाणी सुटलं.

"हे रोजचं हाय?"

"एक दिवसाआड. भरली की परत चढून बंद करायचा, न्हाईतर खालच्यांच्या घरात पाणी जातंय."

"तू कामावर असलास की?"

"दीक्षा करंल की."

तानाबाईनं कॉककडं बघितलं. तिच्या डोळ्यांपुढं दीक्षा उभी राहिली, भाजीच्या पाटीत मावणारी. "त्या पोरीचं डोसकं दाराच्या कडीला लागत न्हाई."

"मग एक स्टूल घेऊ की, आत्ती."

"स्टुलानं भागलं असतं तर तू पिंपावर कशाला चढला असतास, शाण्या?"

तिनं चहाही घेतला नाही. जिने उतरताना तिचे गुडघे दुखत होते, पण चेहऱ्यावर शर्यत जिंकलेल्या बैलाच्या धन्याचा भाव होता.

लक्ष्मीपुरीत लोखंडी सामानाची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात ती चढली. मालक मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "बोला मावशी."

"शिडी दाखवा. घडीची. हलकी. गंजणार न्हाई अशी."

"रंगाचं काम काढलंय काय?"

"लगीन काढलंय. भाचीला द्यायची हाय."

मालकानं मोबाइल खाली ठेवला. "लग्नात शिडी? मावशी, शेजारच्या दुकानात झकास घड्याळं हायत बघा, समई हाय..."

"पावणं, तुमच्या घरात किती घड्याळं हायत?"

"दोन-तीन हायत की."

"आन चालती किती?"

मालक शिड्या काढू लागला. तानाबाईनं एकेक ठोकून बघितली, पायाचं रबर नखानं ओढून बघितलं. मग एका शिडीची घडी उघडून, पदर खोचून, ती भर दुकानात चढायला लागली.

"मावशी, पडाल!"

"पडलो तर तुझी शिडी वाईट. न्हाई पडलो तर घेतो."

ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसली आणि खाली बघितलं. दुकानातली गिऱ्हाइकं माना वर करून बघत होती. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. तानाबाईला तिथून सगळी लक्ष्मीपुरी फार लहान दिसली, आणि तिचं जगाबद्दलचं जे मत होतं ते तिला अगदी पक्कं वाटलं.

शिडी घेऊन ती जवळच्या एका पेंटरकडं गेली. तो गाड्यांच्या पाट्यांवर आकडे काढत होता. तिनं त्याला शिडीच्या दोन्ही अंगांना लाल रंगात लिहायला लावलं: 'आयु. सम्राट व आयुनि. दीक्षा यांना तानाबाई आत्तीकडून.'

"शिडीवर नाव कोण घालतंय मावशी?"

"भांड्यावर घालत्यात न्हवं? कशापायी? दुसऱ्याच्या लग्नात सरकवाय येऊ नये म्हणून. लिव्ह गप."

लग्नाच्या दिवशी ती रिक्षानं कार्यालयात आली. शिडीचं एक टोक रिक्षाच्या या बाजूनं बाहेर, दुसरं त्या बाजूनं, आणि मधे तानाबाई, नव्या पांढऱ्या लुगड्यात, मामलेदारासारखी. त्रिशरण, पंचशील झालं. पांढऱ्याशुभ्र साडीत दीक्षा फार देखणी दिसत होती. हार घालून झाले, टाळ्या पडल्या, आणि आहेर नको म्हणून छापलेल्या लग्नात आहेराची रांग दारापर्यंत लागली.

तानाबाई रांगेत उभी राहिली नाही. ती मधल्या वाटेनं शिडी खांद्यावर घेऊन आली, आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरचं बोलणं एकेका ओळीनं थांबत गेलं. तिनं स्टेजवर शिडी उघडून नवरा-नवरीपुढं उभी केली.

"घ्या. ही माळ्यावर चढणार न्हाई. तुम्ही हिच्यावर चढा."

कुणीतरी खुदकन हसलं. सम्राटची आई बयाबाई, जरीच्या काठाची साडी सावरत पुढं आली. तिनं शिडीकडं असं बघितलं, जसं मांडवात कुत्रं शिरलं आहे.

"इहीनबाई, ही काय थट्टा म्हणायची? शुभकार्यात शिडी? मानूस गेल्यावर खांद्यावर न्यायला बांधत्यात तसलं दिसतंय हे! माझ्या ल्योकाच्या म्होरं उभं केलंसा?"

मागून बायकांचं चुकचुकणं आलं. कुणी तोंडावर हात ठेवला.

"इहीनबाई," तानाबाई सावकाश म्हणाली, "मुहूर्त तुम्ही मानत न्हाई. पत्रिका बघत न्हाई. गुण जुळवत न्हाई. मग ह्यो अपशकुन तेवढा कुणाकडनं उसना आणला?"

"तसं न्हवं, पर लोक..."

"बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ हायत न्हवं? शिडीला भ्यावं, ही कितव्या नंबरची? सांगा की. माझी पाठ करायची ऱ्हायली असंल."

तरण्या पोरांत हसू फुटलं. बयाबाईचा चेहरा उतरला आणि मग तापला. बाळासो लगबगीनं स्टेजवर आला. पोरीचा बाप, घरातलं एकुलतं लग्न, समोर वरमाय तापलेली. तो घामानं भिजला होता. "तानाक्का, आता बास कर. तूच म्हणतीस माळ्यावर चढतंय ते वझं, आन माळ्यावर चढायचीच शिडी आणलीस!"

"चढवलेलं खाली काढाय आणलीया," तानाबाई म्हणाली. पण ती आता भावाकडं बघत नव्हती. बयाबाईकडंही नाही. ती दीक्षाकडं बघत होती.

तिला फार काही नको होतं. पोरीनं नुसता हात पुढं करून शिडीला लावला असता तरी पुरलं असतं. दीक्षानं एकदा सासूकडं बघितलं, एकदा आत्तीकडं, आणि मग मान खाली घालून गळ्यातल्या हाराची फुलं सारखी करायला लागली.

"मावशी, शिडी बाजूला घ्या," फोटोवाला म्हणाला. "फोटोत येतीया."

बाळासोनं शिडी मिटली आणि मागं आचाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवली. तानाबाई स्टेजवरून उतरली. ती रुसून गेली नाही. अन्नावर राग काढणारी माणसं तिच्या लेखी सगळ्यात मूर्ख. ती पंगतीला बसली, दोनदा भात मागून घेतला, जिलबी खाल्ली, आणि शेजारणीनं विचारलं तरी समोरच्या आहेरांबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी स्टेजवर तीन घड्याळं गेली. तिनं ती मोजली, पण कुणाला सांगितली नाहीत.

कार्यालयात शिडी टाकून येणं बाळासोच्या जिवावर आलं. त्यानं ती लग्नाच्या सामानाबरोबर टेंपोत घालून गावाला आणली आणि आपल्या गोठ्यात उभी केली. आक्काताई तिच्यावर वाकळा वाळत घालू लागली.

तानाबाईच्या सोप्यातून तो गोठा समोर दिसायचा. ऊस तुटून गेला, रानं उघडी पडली, पाचटाच्या राखेचे काळे पट्टे शिवारभर उमटले आणि पुन्हा कोंब आले. या सगळ्यात बोळाच्या त्या बाजूला, वाकळेच्या खालून, लाल अक्षरं दिसत राहायची: तानाबाई आत्तीकडून. तिला वाटायचं, लोकांच्या देण्याला माळा तरी मिळाला. आपलं म्हशीच्या शेजारी उभं आहे. बाजारात कुणी खवचटपणे विचारायचं, "तानाक्का, शिडी चढली का माळ्यावर?" तेव्हा ती पेंडी आपटून पाणी झाडायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायची.

दीक्षाचे फोन यायचे. तानाबाई उचलायची, "बरी हाय" म्हणायची आणि ठेवायची. शिडीचं नाव तिनंही काढलं नाही आणि पोरीनंही नाही. आक्काताई एकदा म्हणाली, "वन्सं, न्या की तुमची शिडी तुमच्या घरात. उगं पडलीया."

"माझी न्हाई ती," तानाबाई म्हणाली. "नाव वाच की."

मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी बोळात मोटारसायकल वाजली. तानाबाई सोप्यात विळीवर कोथिंबिरीची मुळं कापत बसली होती. सम्राट आणि दीक्षा आले होते. दीक्षाचा उजवा हात कोपरापासून पट्टीत बांधलेला होता. आक्काताई ओरडत बाहेर आली. बाळासो गोठ्यातून आला. शेजारपाजारच्या बायका उंबऱ्यावर आल्या.

"काय झालं गं बाई हाताला?"

दीक्षानं आईला उत्तर दिलं, पण तोंड बोळाच्या या बाजूला होतं, आणि आवाज आत्तीचा होता, भर बाजारात पुरेल असा.

"एरवी हे चढत्यात, पर त्या दिवशी पाणी आलं आन हे कामावर. मग ओट्यावर चढून आहेराची खोकी खाली घेतली आन एकावर एक रचली. घड्याळं खाली, त्याच्यावर डिनर सेट, त्याच्यावर सरबताचं गलास. आन वर मी चढलो."

"आन?"

"सरबताच्या गलासांनी दगा दिला, आई. दुसरं काय."

एक बाई हसली, मग दुसरी. सम्राट खाली बघून मान खाजवत होता. "हाड मोडलं न्हाई," तो म्हणाला. "मुका मार हाय. पर खालच्यांच्या घरात पाणी गेलं, आन गलास सगळं गेलं."

"म्हंजे एकदा तरी कामाला आलं," तानाबाई विळीवरून मान न उचलता म्हणाली.

दीक्षा गोठ्यात गेली. तिनं डाव्या हातानं वाकळ ओढून बाजूला टाकली आणि शिडी बाहेर ओढायला लागली. आक्काताई मधे आली. "आगं, काय करतीस? नवी नवरी तू. माहेराहून शिडी खांद्यावर घेऊन गावातनं जाणार? लोक काय म्हणतील? तुझी सासू काय म्हणंल?"

"सासूबाईच म्हणाल्या, आण, पर न बोलता उचलून आण. मी म्हणलो, न बोलता न्हाई आणायची." दीक्षानं शिडी बोळाच्या मधोमध आणून उघडली, दुसऱ्या पायरीवर चढून उभी राहिली आणि बांधलेला हात कमरेवर ठेवला. "सम्राट, फोटो काढ. नाव दिसलं पायजे. आन स्टेटसला ठेव. कुरुंदवाडच्या सगळ्यांनी बघू दे. त्या दिवशी फोटोत येतीया म्हणून बाजूला काढली न्हवं?"

सम्राटनं फोटो काढला. बाळासो गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता. त्याला हसावं का रडावं कळत नव्हतं.

दीक्षा पायरीवरून उतरून सोप्यासमोर आली. जवळून तिचा आवाज लहान झाला. "आत्ती, त्या दिवशी मी..."

"कोथिंबिरीवर उभी ऱ्हायलीस," तानाबाई म्हणाली. "पाय काढ."

दीक्षानं पाय काढला. मग ती म्हणाली, "गाडीवर बांधायची हाय. एक टोक धर की."

तानाबाईनं मान वर केली. पोरीचा बांधलेला हात बघितला, डोळे बघितले. मग विळीचं पातं पुसलं, विळी भिंतीला आडवी ठेवली आणि उठली.

"नर्स हाईस न्हवं? दवाखान्यात मानसं उचलतीस, आन ही उचलंना व्हय? नवरा हाय की धरायला. आन टाकीखाली फरशी वली असती, पायाचं रबर फडक्यानं पुसून चढ. न्हाईतर परत पडशील आन नाव माझ्या शिडीचं खराब करशील."

"बरं."

"आन माळ्यावरच्या मूर्त्या खाली घ्या. एक घरात ठेवा. बाकीच्या आल्यागेल्याला द्या, पर खोकं उघडून द्या."

"बरं, आत्ती."

तानाबाईनं पाटी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी वर घेतली. शिडी बोळाच्या मधे उभी होती आणि बाजूला फारशी जागा नव्हती. तिनं शिडीला वळसा घातला, एका हातानं पाटी सावरत, दुसरा हात त्या लाल अक्षरांवरून ओढला गेला, मुद्दाम की चुकून ते कुणालाच सांगता आलं नसतं. आणि ती निघाली.

बाजाराच्या दिवशी ती नेहमी झपाझपा जायची, चांगली जागा जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ती सावकाश गेली. मागं वळून बघितलं नाही, पण आपल्या पाठीकडं किती डोळे आहेत याचा तिला नक्की अंदाज होता. उंबऱ्यावरच्या बायका बघत होत्या. आक्काताई पडलेली वाकळ हातात घेऊन बघत होती. बाळासो खांब सोडायचं विसरला होता.

आणि शिडीच्या पलीकडं उभी राहून, दोन पायऱ्यांच्या मधल्या चौकटीतून, दीक्षा बघत होती: पाटीवरची हिरवी कोथिंबीर, तिच्याखालचं पांढरं लुगडं, वळणावरच्या उसानं ते हळूहळू आत घेईपर्यंत.